आधी त्याच्या पाठीवरच्या काड्या मोज

नव्या माशाला काय खायला घालू, हे तू विचारलंस. सांगते, पण आधी तो कोण आहे ते ठरवू या गं. दुकानात ‘सकर’ किंवा ‘टँक क्लीनर’ म्हणून बोटभर लांबीचा जो काळपट मासा पिशवीत घालून देतात, तो दर वेळी एकच नसतो. त्या एका नावाखाली अगदी वेगवेगळे जीव विकले जातात. त्यातला एक आयुष्यभर वीतभरही होत नाही. दुसरा हातभर होतो, आणि मी जुन्या मापातला हात म्हणतेय, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा. पिशवीत असताना दोघंही सारखेच गोजिरवाणे दिसतात आणि ‘हा काच साफ ठेवतो’ यापलीकडे दुकानात कोणी काही सांगत नाही. तुझ्या दोन फुटी टँकचं, रविवारच्या पाणी बदलण्याचं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं सगळं गणित यातला कोण तुझ्या घरी आलाय त्यावर बसलंय.

तेव्हा टँकसमोर निवांत बस. लेकीलाही बसव, तिची नजर तुझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे.

पहिल्यांदा अंग बघा. खवले दिसणार नाहीत. त्याऐवजी हाडाचे छोटे छोटे पत्रे दिसतील, डोक्यापासून शेपटीपर्यंत रांगांनी बसवलेले, एकाची कड दुसऱ्यावर चढलेली. असे पत्रे नसतील, अंग गुळगुळीत, लांबुळकं आणि पिवळंसोनेरी असेल, तर तो चायनीज अल्गी ईटर. त्यालाही सर्रास सकर म्हणून विकतात, पण तो आग्नेय आशियातला, कॅटफिशच नव्हे. लहानपणी गरीब दिसतो आणि मोठेपणी इतर माशांना छळतो. पत्रे असतील, पण कुशीवर त्यांच्या फक्त दोनच रांगा असतील आणि तोंडाला मिशा असतील, तर तो कोरीडोरास. तोही दक्षिण अमेरिकेतला चिलखती कॅटफिशच, पण काचेला चिकटत नाही, तळाची वाळू हुंगत फिरतो. तू पाठवलेल्या फोटोत पत्र्यांच्या कितीतरी रांगा आहेत आणि तोंड काचेला घट्ट चिकटलेलं आहे. म्हणजे आपला पाहुणा लोरिकॅरिइडी कुळातला. हे कॅटफिशमधलं सगळ्यात मोठं कूळ, हजाराच्या वर जाती आहेत त्यात, त्यामुळे इथे थांबून चालायचं नाही.

आता पाठीवरचा पर. एरवी तो मिटलेला असतो. शेजारून मॉली गेली किंवा त्याने स्वतःच जागा बदलली, की क्षणभर उभा राहतो. तेवढ्यात फोनवर व्हिडिओ घे आणि मग थांबवून बघ. छत्रीला असतात तशा त्या पराला काड्या असतात. सगळ्यात पुढची जाड काडी सोडून दे, ती काटा आहे. तिच्या मागच्या मोज. सात भरल्या तर एक घराणं. दहा किंवा त्याहून जास्त, बहुतेक वेळा अकरा ते तेरा भरल्या, तर दुसरं. एवढी साधी खूण आहे ही. बोटभर पिल्लातही ती दिसते, आणि रंगासारखी ती वयाबरोबर बदलत नाही. रंगावर मुळीच जाऊ नकोस. हे मासे घाबरले की फिके पडतात, काळ्या खडीवर ठेवले की गडद होतात, आणि अल्बिनो असेल तर ठिपक्यांचा आधारच राहत नाही.

जास्त काड्यांचा मासा म्हणजे टेरिगोप्लिक्थिस. आपल्याकडे दुकानातून येणारा ‘सकर’ बहुतेक वेळा हाच असतो. याच्यातही ओळख पुढे नेता येते. तो काचेला चिकटला की पोट आपल्याकडे होतं, त्या वेळी बघ. पोटावर काळे ठिपके सुटे सुटे असतील तर टेरिगोप्लिक्थिस पार्डॅलिस. हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, कास्तेलनो या फ्रेंच प्रवाशाने 1855 साली त्याचं वर्णन केलं. ठिपके एकमेकांत मिसळून वेड्यावाकड्या रेघा झाल्या असतील तर डिस्जंक्टिव्हस. तो मडेरा नदीच्या खोऱ्यातला, त्याचं वर्णन वेबर यांनी अगदी अलीकडे, 1991 साली केलं. बऱ्याच माशांच्या पोटावर दोन्ही प्रकार एकत्र दिसतात. या दोन जातींचा संकर होतो, त्यामुळे अशा माशाला छातीठोकपणे एक नाव देऊ नये. डोक्यामागे उंचवटा, नाकपुड्या मोठ्या आणि अंगभर बिबट्याचे ठसे असतील तर तो गिबिसेप्स, दुकानात त्याला ‘सेलफिन’ किंवा ‘लेपर्ड’ म्हणतात. तो या सगळ्यांत देखणा आणि वाढीला तेवढाच मोठा.

सात काड्यांचा निघाला, तर आणखी एक गोष्ट बघायची. तोंडाच्या पुढची कड, जिथे नाक संपतं, तिथेही पत्रे असतील तर तो हायपोस्टोमस असू शकतो. हे जुनं घराणं. सुरिनामकडच्या हायपोस्टोमस प्लेकोस्टोमसची नोंद खुद्द लिनीयसने 1758 साली केली, आणि तीही स्टर्जन माशांच्या गटात घालून. आज सगळ्यांना सरसकट ‘प्लेको’ म्हणतात ते याच्या नावावरून, पण आपल्या दुकानांत खरा तो क्वचितच येतो. आणि पुढच्या कडेला पत्रे नसून नुसती मऊ कातडी असेल, डोकं पसरट असेल, अंग बसकं असेल, तर मात्र माझा जीव भांड्यात पडेल. कारण मग तो अँसिस्ट्रस, ज्याला सगळे ‘ब्रिसलनोज’ म्हणतात. वयात आलेल्या नराच्या नाकावर मांसल फांदीदार केसरं फुटतात, कपाळापर्यंत चढतात. मादीला कडेकडेने थोडीशी, आखूड. पिल्लांना काहीच नसतं, म्हणून केसरं नाहीत एवढ्यावर त्याला नाकारू नकोस. काड्या आणि नाकाची कड, या दोन खुणा पुरेत.

(दुकानात कधी कोणी ‘एल अमुक’ असा नंबर सांगून भलती किंमत सांगेल. तो नंबर खोटा नसतो. या कुळातले नवे मासे शास्त्रीय नाव मिळण्याआधीच बाजारात यायला लागले, तेव्हा ‘डाट्झ’ या जर्मन मासिकाने 1988 पासून त्यांना नंबर द्यायला सुरुवात केली. शिंगू नदीतला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा तो ‘एल 46’. तुला या फंदात पडायची आत्ता गरज नाही.)

हे एवढं मोजमाप कशाला, असं तुला वाटेल. कारण मी या माशांवर जीव लावून बसलेय आणि ते कसे मरतात ते मला ठाऊक आहे. काच साफ करणारं यंत्र समजून त्यांना आणतात. आठवड्याभरात काचेवरचं शेवाळ संपतं, मग त्याला कोणी वेगळं खायला घालत नाही, आणि तो निमूटपणे उपाशी मरतो. चिलखत असल्यामुळे खंगलेला वरून कळतही नाही. कळतं ते पोटावरून. काचेला चिकटला की पोट सपाट किंवा किंचित फुगीर दिसायला हवं. आत गेलेलं, खळगा पडलेलं दिसलं, डोळे खोल गेले, तर तो उपाशी आहे असं समज. दुकानातून निवडतानाही आधी पोट बघावं, मग बाकीचं.

तो मूळचा कुठला हे कळलं की त्याच्या बऱ्याच सवयींचा उलगडा होतो. ॲमेझॉनच्या काठची पूरमैदानं डोळ्यांपुढे आण. मनाउसजवळ नदीचं पाणी दर वर्षी दहा मीटरच्या आसपास चढतं आणि उतरतं. चढतं तेव्हा जंगल पाण्याखाली जातं, बुडालेल्या खोडांवर शेवाळ धरतं आणि या माशांची चंगळ होते. उतरतं तेव्हा मागे डबकी राहतात, कोमट, गढूळ, प्राणवायू संपत आलेली. तिथे तग धरायची म्हणून हा मासा वर येऊन हवेचा घोट घेतो. ती हवा पोटात जाते. त्याच्या जठराची भिंत पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली असते, ती त्या हवेतला प्राणवायू शोषून घेते. म्हणजे पोटाने श्वास घेतो म्हण ना. तुझ्या टँकमध्ये तो अधूनमधून सपकन वर जाऊन परत तळाला आला, तर घाबरू नकोस. पण सारखाच वर जायला लागला, तर ती तुझ्या पाण्याबद्दलची तक्रार आहे. फिल्टर बघ, पाणी बदल.

तिकडच्या लोकांच्या लेखी तो साफसफाईवाला नाहीच, जेवण आहे. मनाउसला त्याला बोदो म्हणतात आणि चिलखतासकट निखाऱ्यावर भाजतात. पेरूच्या जंगलभागात त्याचं नाव काराचामा, त्याचं पातळ कालवण होतं. ॲमेझॉनच्या खालच्या अंगाला त्याचं मांस भाजून, वाळवून, कुसकरून पिराकुई नावाचं पीठ करून ठेवतात, पावसाळ्याच्या बेगमीला. नदीकाठच्या घरांना पोसणारा हा मासा, आणि आपण त्याला काच पुसायला ठेवतो.

बरं, आता तुझ्या टँकचं बोलू. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे जेमतेम पंचावन्न लिटर पाणी. तुझा मासा टेरिगोप्लिक्थिस निघाला, तर पहिल्या एक-दोन वर्षांतच तो त्या टँकमध्ये वळताना काचेला घासायला लागेल. पूर्ण वाढलेला चाळीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. त्याला सहा फूट लांब, दोन फूट रुंद टँक लागतो, सहाशे लिटरच्या पुढचा, आणि त्याला पेलणारा फिल्टर. ‘टँक लहान ठेवला की मासाही लहान राहतो’ असं तुला कोणीतरी नक्की सांगेल. ते ऐकू नकोस. वाढ खुंटते ती घाण पाण्याने आणि कुपोषणाने. खुंटलेला मासा लहान जातीचा होत नाही, आजारी होतो आणि लवकर जातो. शिवाय मोठा झाल्यावर त्याला शेवाळात रस उरत नाही. गोल्डफिश, एंजल अशा संथ माशांच्या कुशीला चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटायला लागतो, त्यांना जखमा होतात. आणि साफसफाईचं म्हणशील तर टँकमधली सगळ्यात जास्त विष्ठा त्याचीच असते.

तेव्हा तो निघाला तर आत्ताच, लहान आहे तोवर, त्याच्यासाठी मोठं घर शोधू. कसं ते शेवटी सांगते.

अँसिस्ट्रस निघाला तर मात्र तो तुझाच. पूर्ण वाढून बारा-पंधरा सेंटिमीटर. तुझ्या टँकमध्ये एकटा राहील, पण मला विचारशील तर पुढेमागे तीन फुटी टँक घे. नर दोन ठेवू नकोस, बिळावरून मारामारी करतात. जोडी किंवा एकच.

बीळ हवंच हवं. दिवसा उजेडात त्याला लपायला जागा नसली की तो फिल्टरमागे, हीटरमागे घुसतो आणि हीटरला चिकटून भाजून घेतो. मातीचं आडवं भांडं, भोक पाडलेली करवंटी, बांबूचा एका बाजूने बंद तुकडा, काहीही चालेल, फक्त भोक त्याच्या अंगाच्या बेताचं हवं. आणि लाकूड. ड्रिफ्टवूडचा एक चांगला ओंडका टाक. त्यावर शेवाळाचा, जिवाणूंचा पातळ थर धरतो आणि हे मासे दिवसरात्र तो खरवडत बसतात. नवीन लाकूड पाण्याला चहाचा रंग देतं, ते वाईट नाही, त्यांच्याकडच्या काही नद्याही तशाच रंगाच्या असतात.

खाणं. मुख्य भाजी. काकडी, दोडका, दुधी, लाल भोपळा, पालक, सोललेले मटार. कडक भाज्या उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं धरून मऊ करून घे, तुकड्याला जड काटाचमचा टोच म्हणजे तळाला बसेल, आणि दिवा घालवण्याच्या वेळी टाक, कारण हे रात्री जेवणारे. सकाळी उरलेलं काढायला विसरू नकोस, एका रात्रीत दुधी पाणी नासवतो. अल्गी वेफर मिळतात त्या आठवड्यातून तीन-चारदा. मधूनच गोठवलेले ब्लडवर्म किंवा झिंग्याचा बारीक तुकडा, पण थोडंच. यांचं आतडं लांबच लांब, वेटोळ्यांचं, ते शेवाळ-पाल्यासाठी घडलेलं आहे. बाकीच्या माशांचे दाणे तळाला पडतात तेवढ्यावर तो जगेल, हा समज सोडून दे.

पाणी. चोवीस ते सत्तावीस अंशात त्याला बरं वाटतं. अकोल्याची थंडी तुला ठाऊकच आहे, डिसेंबर-जानेवारीत हीटर लागेलच. त्याहून मला काळजी तुमच्या मे महिन्याची वाटते. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. त्या दिवसांत टँकचा दिवा कमी वेळ लाव, एअर पंप चोवीस तास चालू ठेव, वरचं झाकण काढून जाळी घाल, आणि वीज गेली तर बॅटरीवरचा छोटा पंप हाताशी असू दे. बर्फाचे खडे थेट टाकू नकोस, एकदम गार पाण्याने मासे दगावतात. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढून मगच घाल, बोअरचं असेल तर जड असतं, पण अँसिस्ट्रस मध्यम जड पाण्याला सरावतो. दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदल. काढलेलं पाणी कुंड्यांना घाल, जास्वंदीला मानवतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नकोस, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळ, म्हणजे त्यातले उपयोगी जिवाणू मरणार नाहीत. विष्ठेतून येणारा अमोनिया तेच पचवतात.

औषधांचं जपून. टँकमध्ये कोणालाही काही झालं की खडेमीठ टाकायची आपल्याकडे रीतच आहे, दुकानातली निळी-हिरवी औषधंही सगळे बिनदिक्कत ओततात. या कुळातल्या माशांना जास्त मीठ आणि तांबं असलेली औषधं सोसत नाहीत. आजारी माशाला वेगळ्या भांड्यात काढून औषध द्यायचं, अख्ख्या टँकला नाही.

आणि त्याला पकडताना जाळी वापरू नकोस. छातीच्या परांचे काटे आणि अँसिस्ट्रसच्या गालावरचे बारीक आकडे जाळीत अडकतात, आपण ओढतो, तो आणखी फुलवतो. अडकलाच तर जाळी पाण्यातच कात्रीने काप, मासा ओढू नकोस. पारदर्शक डबा घे, त्याला काचेच्या कोपऱ्यात हळूच त्यात वळव.

एक गोष्ट मात्र केवळ आनंदासाठी कर. रात्री सगळे दिवे घालवून अर्धा तास थांब. मग टॉर्चवर लाल कागद लावून त्याच्याकडे बघ. डोळ्याची बाहुली पूर्ण गोल, काळी, मोठी दिसेल. आता खोलीतला दिवा लाव आणि नजर हलवू नकोस. बुबुळाचा वरचा एक छोटा पडदा हळूहळू बाहुलीत खाली उतरायला लागतो. थोड्या वेळाने बाहुलीचा गोल राहतच नाही, फक्त कमान उरते, नालेच्या आकाराची. आपल्या डोळ्याची बाहुली चहूबाजूंनी आवळते, याची अशी वरून झाकली जाते. दिवसा त्यामुळेच तो झोपाळल्यासारखा दिसतो. माझ्याकडच्या नराला बांबूत अंडी राखताना मी असंच पाहिलं होतं. नारिंगी अंड्यांचा घोस पोटाखाली, आणि हा बाहेर तोंड करून शेपटी आणि पर हलवत राहिलेला, आत ताजं पाणी खेळावं म्हणून. मादी अंडी घालून निघून जाते, पुढचं सगळं बाप करतो, त्या दिवसांत धड जेवतही नाही. पिल्लं निघाल्यावरही पिवळी पोटुली जिरेपर्यंत त्यांना बिळातच राखतो. तुझी जोडी जमली तर हे तुझ्या लेकीला नक्की दाखव.

आता जे सांगायला मी एवढं लिहितेय ते ऐक. तो कितीही मोठा झाला, तुला कितीही जड झाला, तरी त्याला नदीत, तलावात, विहिरीत, देवळाच्या कुंडात सोडायचं नाही. मला माहीत आहे, तुझं मन मऊ आहे. टँकमध्ये कोंडून मारण्यापेक्षा मोर्णा नदीत सोडला तर जीव वाचेल, पुण्य लागेल, असं कोणीही म्हणेल, आणि चांगल्या मनाने म्हणेल. पण असंच चांगल्या मनाने सोडलेले आणि शेततळ्यांतून निसटलेले टेरिगोप्लिक्थिस आज देशभरच्या नद्या-तलावांत पसरलेत. केरळात आहेत, कोलकात्याच्या पाणथळींत आहेत, आंध्र-तेलंगणच्या तलावांत इतके झालेत की हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पाण्यात उरलेल्या डीएनएवरून त्यांचा माग काढायची पद्धत बसवली. आपल्याकडे उजनीच्या जलाशयातल्या मच्छीमारांना विचार. जाळं टाकलं की त्यात हाच येतो. विकला जात नाही, आणि त्याच्या काट्यांनी जाळं फाटतं.

जी ताकद ॲमेझॉनच्या आटत्या डबक्यात त्याला तारते, तीच इथे सगळ्यांच्या मुळावर येते. गढूळ पाण्यात तो टिकतो, पाण्याबाहेर तासन्‌तास जगतो, चिलखतामुळे त्याला खाणारं इथे फारसं कोणी नाही. नर काठाच्या मातीत खोल बिळं खणतात, त्यातून काठ ढासळतात. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निल्यो या मोठ्या धरणात तिलापियाची भरभराटीची मासेमारी होती, या माशाने ती बसवली. कोळी त्याला तिथे ‘सैतान मासा’ म्हणतात. बांगलादेशाने तर त्याच्यावर कायद्यानेच बंदी घातली आहे.

आणि आपल्या नद्यांत दगडावरचं शेवाळ खरवडणारे आधीपासून आहेतच की. मळ्या मासा घे. कर्नल साइक्स यांनी 1839 साली दख्खनच्या माशांचं वर्णन केलं त्यात तो आहे, त्याच्या शास्त्रीय नावातही त्यांनी आपलं मराठी नावच ठेवलं, गॅरा मुल्या. बोटभर, बिचारा, अंगावर चिलखत नाही, दगडाला चिकटून तेच शेवाळ खातो. त्याच्या पंगतीत हातभराचा पाहुणा बसवला तर काय होईल, तूच सांग. काटेपूर्णा धरणाचं पाणी तुमच्या घरी येतं. त्या धरणात काय जातं याची काळजी तुला नको का?

तर टेरिगोप्लिक्थिस निघाला, तर करायचं ते हे. ज्या दुकानातून आणलास तिथे आधी विचार, मोठा मासा परत घेतात का. बरेच जण घेतात. नाहीतर शहरात ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न पाळणारे असतातच, त्यांच्याकडे सहा फुटी टँक असतात आणि असा मासा त्यांना चालतो. देताना स्पष्ट सांग, किती वाढणार आहे आणि पाण्यात सोडायचा नाही. नुसतं ‘घ्या, छान आहे’ म्हणून गळ्यात मारू नकोस. कोणीच मिळालं नाही तर मला फोन कर, मी इकडे विचारते, आपण वाट बघू, तोवर मोठा प्लॅस्टिकचा टब आणि जुना फिल्टर लावूनही तो काही महिने नीट राहतो. आणि कधी तो इतका आजारी झाला की आशाच उरली नाही, तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून लवंगतेलाने शांतपणे त्याला सोडवता येतं. तेही नाल्यात टाकण्यापेक्षा कितीतरी दयेचं आहे.

मला तीन फोटो पाठव. एक कुशीतून, पर उघडा असताना. एक वरून, डोक्याचा. एक काचेतून, पोटाचा. काड्या लेकीने मोजल्या असतील तर आकडाही लिही, पुढचा काटा धरून की सोडून तेही. त्यावरून काय ते ठरवू.

आणि न्यायची वेळ आलीच तर पातळ पिशवीत घालू नकोस, काट्यांनी ती फुटते. झाकणाची बादली घे, टँकमधलंच पाणी अर्ध्यापर्यंत भर, त्याच्या सवयीचा लाकडाचा तुकडा आत ठेव, म्हणजे त्याला चिकटून बसेल. झाकणाला चार-सहा भोकं पाड, आणि ते घट्ट लाव. बंद गाडीतही उडी मारतात हे.